गाऱ्हाणे, चहाडी आणि शाळा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचा उल्लेख या वास्तूत आजही नुसता 'सर' असाच होतो. शाळा सुटल्यावर अर्धा तास ते वर्गातच बसून राहात, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. कोणी विचारले तर वह्या तपासतो आहे म्हणत. पण वह्या ते घरीही नेत. मग तो अर्धा तास कशासाठी होता? या प्रश्नाचे उत्तर व्याख्यानाच्या शेवटी द्यावे, असा माझा विचार आहे.

संयोजकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली तेव्हा मी मराठी वाङ्मयातला एखादा विषय घेईन अशी त्यांची अपेक्षा असणार. मी घेतलेला विषय त्याहून साधा आहे आणि मला अधिक अवघड वाटणारा आहे. शाळेत एक मूल दुसऱ्या मुलाचा छळ करते. छळ झालेले मूल कोणाला तरी सांगते, किंवा सांगत नाही. आणि सांगितलेच, तर शाळा काय करते? या तीन पायऱ्यांचा इतिहास मी आज मांडणार आहे. तो सलग उपलब्ध नाही. शाळांचे अहवाल निकाल, इमारती आणि देणगीदार यांची नोंद ठेवतात. रडत परत गेलेल्या मुलाची नोंद कोणी ठेवत नाही. म्हणून जिथे जिथे ती चुकून राहून गेली आहे, तिथून ती वेचावी लागते.

१

आरंभ शब्दांपासून करणे हा माझ्या पेशाचा दोष आहे, तो आपण पोटात घालावा. या प्रकारासाठी मराठीत एकच नेमका शब्द नाही. दांडगाई, दादागिरी, छळ, खोड काढणे, चिडवणे असे अनेक शब्द आहेत आणि त्यांतला प्रत्येक अर्धाच अर्थ सांगतो. परंतु झालेला त्रास सांगण्यासाठी मात्र आपल्याकडे शब्दांची रेलचेल आहे. 'फिर्याद' हा फारसी शब्द. मुळात तो मदतीसाठी मारलेली हाक. 'गाऱ्हाणे' या शब्दाचे नाते संस्कृत 'गर्हणा' या शब्दाशी जोडले जाते. कोकणात आणि गोव्यात ते आजही देवापुढे घातले जाते. 'तक्रार' हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ पुनरावृत्ती, तेच तेच पुन्हा करणे किंवा बोलणे. पहिल्यांदा ऐकून घेतले असते तर पुन्हा सांगावे लागले नसते, एवढे शहाणपण त्या एका शब्दाच्या प्रवासात दडलेले आहे. हा अर्थ आपण ध्यानात ठेवावा. मला त्याकडे परत यायचे आहे.

या शब्दांच्या शेजारीच आणखी दोन शब्द बसलेले असतात: चहाडी आणि चुगली. शाळेच्या जगात कोणतेही गाऱ्हाणे तोंडातून बाहेर पडताच त्याला पहिली भीती असते ती आपल्याला चहाडी म्हटले जाईल याची.

आपल्या वाङ्मयात खोडकर मुलाबद्दल पहिली गाऱ्हाणी नेली ती गोकुळातल्या गौळणींनी. एकनाथमहाराजांच्या आणि इतर संतकवींच्या गौळणींत त्या पुन्हा पुन्हा यशोदेच्या दारी येतात; मडकी फुटल्याचे, लोणी गेल्याचे सांगतात. आणि यशोदा? माझा कान्हा असे करणारच नाही, अशीच बहुधा तिची समजूत असते. भक्तीच्या प्रांतात हे सारे गोड आहे, कारण तिथे चोर हा जगाचा नाथ आहे आणि लुटले जाणे हेच भाग्य आहे. परंतु शाळेच्या कचेरीत पालक, मुख्याध्यापक आणि तक्रारदार मूल समोरासमोर बसतात तेव्हा यशोदेचे ते वाक्य मी माझ्या कानांनी अनेकदा ऐकले आहे, आणि तिथे ते गोड वाटत नाही.

२

इंग्रजी अमलापूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत एका शिक्षकाभोवती लहानमोठी सगळी मुले एकत्र बसत. थोराड मुलांनी धाकट्यांकडून धुळाक्षरे गिरवून घ्यायची, घोकंपट्टी करून घ्यायची आणि न येणाऱ्याला घरून आणायचे. चारपाच मुलांनी हातापायांना धरून एखाद्याला उचलून शाळेत आणायचे, तीच उचलबांगडी. आज हा शब्द आपण अधिकाऱ्यांच्या बदलीसाठी हसत वापरतो. तेव्हा त्यात एक किंचाळणारे मूल होते. मोठ्या मुलाने लहानावर बळ वापरणे हा तिथे अपराध नव्हता. ती शाळेच्या व्यवस्थेची एक कामगिरी होती.

पुढे नव्या शिक्षणपद्धतीनेही हेच सूत्र पत्करले. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख होता. देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्याने पाहिली आणि मुलांनीच मुलांना शिकवण्याची पद्धत बांधली. १७९७ मध्ये लंडनमध्ये त्याने तिचे वर्णन छापले आणि ती जगभर गेली. आपल्या वर्गातला 'मॉनिटर' हा त्या पद्धतीचा वारस. बेलने एक गोष्ट मात्र विचारपूर्वक केली होती: अपराध लिहून ठेवण्यासाठी एक काळी वही आणि तिच्यातल्या नोंदींवर निर्णय द्यायला मुलांचेच पंच. मॉनिटर आपण घेतला आणि वही विसरलो. अधिकार घेतला आणि त्या अधिकाराविरुद्ध दाद मागण्याची सोय मागे ठेवली.

इंग्लंडातल्या मोठ्या निवासी शाळांची गोष्ट निराळी नव्हती. रग्बी येथील शाळेचे मुख्याध्यापक टॉमस आर्नल्ड यांनी १८२८ ते १८४१ या काळात वरच्या वर्गातल्या मुलांवर शाळेच्या शिस्तीची जबाबदारी टाकली. त्याच शाळेत शिकलेल्या टॉमस ह्यूज यांनी १८५७ मध्ये टॉम ब्राऊन या मुलाची कथा लिहिली. त्या कथेत फ्लॅशमन नावाचा दांडगट मुलगा टॉमला शेकोटीपुढे धरून भाजतो. टॉम शिक्षकांना नाव सांगत नाही, आणि याचाच कादंबरीला अभिमान आहे. पुढे फ्लॅशमनला शाळेतून काढतात, पण कशासाठी? दारू पिऊन सापडला म्हणून. एका मुलाला भाजल्याचा हिशेब शाळेच्या दप्तरी कधी येतच नाही. हाच नमुना डोळ्यांपुढे ठेवून १८७० पासून राजकोट, अजमेर, इंदूर या ठिकाणी राजपुत्रांची कॉलेजे निघाली आणि तिथून प्रीफेक्ट, हाऊस, कॅप्टन हे शब्द साध्या शाळांपर्यंत झिरपले. त्या शब्दांबरोबर नाव न सांगण्याचा तो अलिखित कायदाही आला.

पण सगळा दोष इंग्रजांच्या पदरी घालून मोकळे होता येत नाही. लोकमान्यांच्या बालपणीची शेंगांच्या टरफलांची आख्यायिका आपल्यापैकी प्रत्येकाने पाठ्यपुस्तकात किंवा आजीच्या तोंडून ऐकली आहे. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, परंतु गाभा एकच: शेंगा मी खाल्ल्या नाहीत, म्हणून टरफले मी उचलणार नाही, आणि कोणी खाल्ल्या तेही सांगणार नाही. या गोष्टीत दोन नकार आहेत, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. पहिला नकार हे खरे तर गाऱ्हाणेच आहे: मला अन्यायाने शिक्षा होते आहे, असे तो मुलगा शिक्षकांच्या तोंडावर सांगतो. दुसरा नकार चहाडीचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण मुलांना दुसरा नकार शिकवला आणि पहिल्याचे नुसते कौतुक केले. शिवाय त्या प्रसंगी जमिनीवर पडली होती ती टरफले होती, मूल नव्हते. टरफलांच्या बाबतीत जे मौन शोभते, ते पडलेल्या मुलाच्या बाबतीत शोभत नाही.

म्हणून मी एक साधी व्याख्या करतो. दुसऱ्याला अडचणीत टाकण्यासाठी सांगितलेले ती चहाडी. स्वतःला किंवा दुसऱ्याला अडचणीतून सोडवण्यासाठी सांगितलेले ते गाऱ्हाणे. हा फरक सहा वर्षांच्या मुलालाही कळतो. तो कळत नाही असे आपणच दाखवतो, कारण चहाडीकडे दुर्लक्ष करता येते आणि गाऱ्हाण्यासाठी उठावे लागते.

३

आता अशा प्रसंगांकडे वळतो जिथे शाळेचा नियम हाच छळ होता.

१८५६ मध्ये आपल्या सीमाभागाशेजारच्या धारवाड येथे महार समाजातील एका मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. मुलगा गप्प बसला नाही. अर्ज मुंबई सरकारपर्यंत गेला. सरकारने जे उत्तर दिले, त्याचा आशय असा होता की न्यायाचा विचार केला तर बाजू मुलाचीच आहे, परंतु एकासाठी शाळेत हात घातला तर बाकीची मुले जातील आणि शिक्षणाच्या कार्याचीच हानी होईल. दोन वर्षांनी, १८५८ मध्ये, विलायतेतील संचालक मंडळाने सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे स्पष्ट केले. कागदावर निर्णय लागला. पण त्या दोन वर्षांत त्या मुलाचे शिकण्याचे वय कुठे गेले, हे कागद सांगत नाहीत.

हे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते, कारण पुढच्या दीडशे वर्षांत शाळांनी दिलेल्या बहुतेक उत्तरांचा तो मूळ मसुदा आहे. तुझे म्हणणे खरे आहे. पण वर्ग बिघडेल, पालक बिथरतील, शाळेचे नाव जाईल. एका मुलाचे दुःख एका पारड्यात आणि शाळेचे नाव दुसऱ्यात, असा तराजू एकदा हाती घेतला की काटा कोणीकडे झुकणार हे आधीच ठरलेले असते.

त्याच्या एकच वर्ष आधी, १८५५ मध्ये, पुण्यात याच्या उलट घडले होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. तेव्हा ती अवघी चौदा वर्षांच्या आसपासची होती. मराठीत एका शाळकरी मुलीने साऱ्या समाजाविरुद्ध मांडलेले ते गाऱ्हाणे होय. धारवाडच्या मुलाजवळ अर्ज होता, मुक्तेजवळ शाळा होती, फरक एवढाच. गाऱ्हाणे सांगायला धैर्य लागते हे खरे, पण त्या धैर्याच्या पाठीशी ऐकणारे एक माणूस उभे असावे लागते हे त्याहून खरे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेतले आपले दिवस पुढे इंग्रजीत लिहून ठेवले. वर्गात कोपऱ्यात वेगळे बसायचे. बसायला गोणपाट घरून आणायचे आणि रोज परत न्यायचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा, आणि शिपाई नसला तर पाणी नाही. मुंबईच्या हायस्कुलातला एक प्रसंग धनंजय कीर यांनी चरित्रात दिला आहे: शिक्षकांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपापले डबे हलवायला वर्गातली मुले धावली. आपण विचार करा, या मुलाने कोणाकडे तक्रार करायची होती? शिपायाविरुद्ध शिक्षकांकडे? शिक्षकांविरुद्ध मुख्याध्यापकांकडे? ज्या दारावर थाप मारायची, तेच दार त्रास देत होते. ही हकीगत बाबासाहेबांनी लिहिली ती चाळिशीच्या सुमारास, आणि ती स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाली १९९० मध्ये, त्यांच्या निधनानंतर ३४ वर्षांनी.

आपण ज्या शहरात बसलो आहोत त्या बडोद्याचे नावही त्याच लेखनात आहे. १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी आले असता पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. राहायला सरकारी बंगला मिळावा म्हणून दिवाणांकडे केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती असे दोन मित्र होते. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठीबागेत बसून राहिले. आज आपण तिला सयाजीबाग म्हणतो आणि रविवारी नातवंडांना तिथे नेतो. छळणाऱ्यांची संख्या नेहमी थोडी असते. अर्ज पुढे सरकवणारे आणि अडचणी सांगणारे पुष्कळ असतात. शाळेतही याहून वेगळे नसते.

४

याच बडोद्याने दुसरी एक गोष्ट हिंदुस्थानात फार लवकर केली. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. अंत्यजांसाठीच्या शाळा त्याआधी, १८८३ च्या सुमारास, निघाल्या होत्या. तिथे शिकवायला सवर्ण शिक्षक मिळेनात, आणि पुढे १९०८ मध्ये पंडित आत्माराम अमृतसरी यांना आणून त्या शाळांची व वसतिगृहांची घडी बसवावी लागली.

सक्तीचा हा कायदा आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावाही. परंतु त्यातून निघणारे एक कर्तव्य आपण उशिरा ओळखले. मूल आपल्या इच्छेने येत असेल तर त्रास झाल्यास ते घरी राहू शकते. राज्याने त्याला येणे भाग पाडले की त्याच्या अंगाला आणि मनाला इजा होणार नाही ही हमी राज्याच्या आणि शाळेच्या शिरावर येते. सक्ती १९०६ ची. मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई करणारे कलम देशाच्या कायद्यात आले ते २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, आणि तो अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. मध्ये शंभरावर वर्षे गेली. केंद्र सरकारच्या २००७ च्या बाल अत्याचारविषयक अभ्यासात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी मार खाल्ल्याचे सांगितले होते, आणि बहुसंख्य मुलांनी झालेला त्रास कोणालाच सांगितला नव्हता. पहिल्या आकड्यापेक्षा हे दुसरे वाक्य मला अधिक अस्वस्थ करते.

मुलांनी मुलांच्या केलेल्या छळाचा शास्त्रीय अभ्यास प्रथम स्कँडिनेव्हियात झाला. डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये स्वीडिश भाषेत त्यावर पुस्तक लिहिले. फारशी हालचाल झाली नाही. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागात तीन मुलांनी आत्महत्या केल्या, आणि सोबत्यांचा छळ हे त्यामागचे कारण असावे असे दिसले, तेव्हा १९८३ मध्ये सरकारने देशभर मोहीम घेतली. पाहणीत सुमारे १५ टक्के मुले या प्रकारात अधूनमधून किंवा वरचेवर गुंतलेली आढळली. काही छळणारी, काही छळली जाणारी. छळ सोसणाऱ्या प्राथमिक वर्गांतल्या सुमारे ४० टक्के आणि त्यावरच्या वर्गांतल्या जवळजवळ ६० टक्के मुलांनी सांगितले की शिक्षक क्वचितच मध्ये पडतात किंवा पडतच नाहीत. मग बर्गन शहरातल्या शाळांत वर्गाचे स्पष्ट नियम, मधल्या सुटीत मोठ्यांची देखरेख, दोन्ही बाजूंच्या मुलांशी व पालकांशी स्वतंत्र बोलणे असे साधेच उपाय नेटाने केले, आणि दोन वर्षांत छळाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. मुले अशीच असतात, हे वाक्य त्या दिवशी खोटे ठरले. मुले अशी असतात, कारण मोठी माणसे तशी राहू देतात.

जपानचा अनुभव याहून कडू आहे. १९८५ मध्ये टोकियोतील एका शाळेत वर्गमित्रांनी एका मुलाच्या खोट्या अंत्ययात्रेचा खेळ केला. निरोपाच्या कागदावर काही शिक्षकांनीही सह्या केल्या. थट्टा आहे, असे त्यांना वाटले असणार. त्या मुलाने पुढे जीव दिला. २०११ मध्ये ओत्सु शहरात असेच एक मूल गेले आणि शाळेने व शिक्षण मंडळाने माहिती झाकल्याचा आरोप झाला. त्यातून २०१३ चा छळ प्रतिबंधक कायदा झाला. मुलाने सांगितले नाही, ही तक्रार मोठी माणसे नेहमी करतात. इथे तर कागद समोर आला होता आणि त्यावर सही झाली होती.

आपल्याकडे महाविद्यालयीन रॅगिंगविरुद्ध तामिळनाडूने १९९७ मध्ये आणि महाराष्ट्राने १९९९ मध्ये कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये निर्देश दिले. २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा मृत्यू झाल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाचे कडक नियम आले. शाळांसाठी केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१५ मध्ये छळ प्रतिबंधक समित्या नेमण्यास सांगितले. मुलांवरील लैंगिक अत्याचार कळूनही न कळवणे हा २०१२ च्या कायद्याने गुन्हा ठरला. तरीही २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला दोन चिमुरड्यांच्या पालकांना तक्रार नोंदवून घेण्यासाठी तासन्‌तास ताटकळावे लागले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले. कायदे जवळजवळ प्रत्येक वेळी एखाद्या मुलाच्या पाठोपाठ आले आहेत. मूल पुढे आणि कायदा मागे, हा क्रम उलटवणे शाळेच्या हाती असते.

५

इतका वेळ मी इतरांचा इतिहास सांगितला. आता थोडे माझे. हे सांगायचे की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. परंतु ज्या विषयावर बोलायचे त्याच विषयात स्वतः गप्प राहायचे, हे या व्यासपीठाला शोभणार नाही.

१९७६ साल. मी सत्तावीस वर्षांचा होतो, नुकताच शिक्षकी पेशात आलो होतो आणि एका गावातल्या शाळेच्या वसतिगृहावर सहायक पर्यवेक्षक म्हणून राहात होतो. एके रात्री जेवणानंतर आठवीतला एक मुलगा माझ्या खोलीच्या दाराशी आला. खेड्यातला, शांत, गणितात हुशार. वरच्या वर्गातली तीन मुले त्याच्याकडून आपले कपडे धुऊन घेत, घरून आलेला फराळाचा डबा रिकामा करीत आणि रात्री त्याला न्हाणीघरात कोंडून बाहेरून कडी लावीत. हे त्याने उभ्यानेच, जमिनीकडे पाहात सांगितले.

मी त्याला तीन प्रश्न विचारले. इतके दिवस का सांगितले नाहीस? तू त्यांची काही खोडी काढली होतीस का? आणि, अरे, तू एवढा मोठा झालास, थोडे सोसायला नको का? आज या तीन प्रश्नांकडे पाहिले की दिसते, एकही प्रश्न त्या तिघांविषयी नव्हता. तिन्ही त्याच्याविषयी होते. मग मी त्या मुलांना बोलावले आणि त्याच्यादेखत दरडावले. मला वाटले, मी कर्तव्य केले. दुसऱ्या दिवशी मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, माझी काही तक्रार नाही." मी समाधानाने नोंदवहीत लिहिले: आपसात मिटले.

दिवाळीच्या सुटीला तो गेला तो परत आला नाही. डिसेंबरात त्याच्या वडिलांचे कार्ड आले. मुलगा शेतीत मदत करतो आहे, त्याची ट्रंक सवडीने पाठवावी, आणि आपण मुलाकडे लक्ष दिलेत त्याबद्दल आभारी आहे. ट्रंक पाठवताना पाहिले, तिची कडी उचकटलेली होती. ती कधी उचकटली हे मी कधी पाहिले नव्हते. ते कार्ड पुढे कितीतरी वर्षे माझ्या टेबलाच्या खणात होते. त्यात एक कठोर शब्द असता तर मी ते केव्हाच फाडून टाकले असते.

धारवाडचे उत्तर, टोकियोची सही आणि माझी ती नोंद यांच्यात जातीचा फरक नाही, प्रमाणाचा आहे. 'आपसात मिटले' या दोन शब्दांनी जेवढी गाऱ्हाणी पुरली गेली असतील, तेवढी कोणत्याही छडीने पुरली गेली नसतील.

६

मग शाळेने काय करावे? कायद्याची भाषा बाजूला ठेवून, पन्नास वर्षांच्या चुकांतून जे मला उमगले ते सांगतो.

पहिले, ऐकताना मुलाला बसायला सांगावे. उभे मूल आरोपी असते. दुसरे, ते सांगेल तसे त्याच्याच शब्दांत, तारखेसह लिहून घ्यावे. बेलची काळी वही निराळ्या अर्थाने परत आणावी. तिसरे, छळणाऱ्याला आणि छळलेल्याला समोरासमोर उभे करून समेट घडवू नये. दोघांचे बळ सारखे असते तर गाऱ्हाणे आलेच नसते. चौथे, छळणारेही शेवटी मूलच आहे. त्याच्याशीही स्वतंत्र बोलावे. ते मूल घरी किंवा दुसरीकडे कोणाचा मार खात आहे काय, हे पाहावे. पाचवे, काय केले ते तक्रार करणाऱ्या मुलाला आणि त्याच्या पालकांना आपण होऊन सांगावे. तक्रारपेटी भिंतीवर टांगणे सोपे आहे. पेटीत टाकलेल्या चिठ्ठीचे काय झाले हे मुलांना कळले नाही तर दुसऱ्या महिन्यात पेटीत धूळ साचते. आणि शाळेत सांगणे जमत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक आहे, हे प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर ठळक लिहिलेले असावे.

यांतले एकही काम खर्चाचे नाही. साने गुरुजी १९२४ पासून अंमळनेरच्या शाळेत शिकवीत होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांची अंथरुणे आवरणे, कपडे धुणे ही कामे ते न सांगता करीत, आणि 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक मुलांसाठी काढीत. त्यांच्याजवळ समिती नव्हती, परिपत्रक नव्हते. जो माणूस रोज मुलांत वावरतो त्याला कडी उचकटलेली ट्रंक दिसते, एवढे साधे ते होते. समित्या आणि परिपत्रके हवीतच, कारण प्रत्येक शाळेला साने गुरुजी मिळत नाहीत. परंतु ती त्या नजरेची जागा घेऊ शकत नाहीत, फार तर तिची आठवण करून देतात.

आता दोन उसने प्रश्न चुकते करतो. 'तक्रार' म्हणजे पुनरावृत्ती, असे मी आरंभी म्हणालो. ही पुनरावृत्ती कोणी करायची? आजवर ती आपण मुलावर टाकली: वर्गशिक्षकांना सांग, मग मुख्याध्यापकांना सांग, मग लेखी दे. माझे म्हणणे असे की ती शाळेने करावी. आठ दिवसांनी शिक्षकाने जाऊन विचारावे, महिन्याने पुन्हा विचारावे, आणि "काही तक्रार नाही" हे पहिले उत्तर खरे मानू नये. मी एकदाच विचारले होते. दुसऱ्यांदा विचारले असते तर कदाचित ती ट्रंक पाठवावी लागली नसती.

आणि सरांचा तो अर्धा तास? या व्याख्यानाची तयारी करताना मी त्यांच्या तीन जुन्या विद्यार्थ्यांना भेटलो. तिघांनीही वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितले. शाळा सुटल्यावर सगळी मुले निघून जात, वर्गात सर एकटेच असत आणि दार उघडे असे. ज्याला काही सांगायचे असेल, त्याला कोणी पाहात नसे. तिघांपैकी दोघे त्या दारातून आत गेले होते. काय सांगायला, ते मी विचारले नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत. या विषयावर बोलणाऱ्याने याहून अधिक मागू नये.